आठ हात दोर

बँकेत फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन अडतं. 'झाडं कापणे' लिहावं तर समोरचा कारकून मी चंदनचोर असल्यासारखा चष्म्यावरून बघतो. पाडेली लिहावं तर मी नारळ काढत नाही. एकदा एका कारकुनाने कंटाळून स्वतःच 'शेती' लिहून टाकलं. तेव्हापासून बँकेच्या लेखी मी शेतकरी आहे, माझ्या नावावर कुंडीभर माती नसली तरी.

खरं काम असं. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घरावर झुकलेली, विजेच्या तारांत शिरलेली, देवळाच्या कौलांवर हात टेकून बसलेली झाडं मी वर चढून हलकी करतो. मुळातून तोडत नाही. न्हाव्याचंच काम म्हणा. फरक एवढाच की माझं गिऱ्हाईक साठ फूट उंच असतं आणि मला त्याच्या डोक्यावर बसून केस कापावे लागतात.

त्याआधी मी डिचोलीला खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. खाणी बंद पडल्या तेव्हा चाळिशी उलटून गेलेली, आणि हातात दोनच विद्या. एक म्हणजे लहानपणापासून अंगात असलेली झाडावर चढण्याची खोड. दुसरी ताडपत्री बांधण्याची. मातीने भरलेल्या ट्रकवर ताडपत्री आवळायची म्हणजे दोराशी मैत्री करावी लागते. कुठली गाठ ओढ बसली की घट्ट होते आणि कुठली पहिल्याच खड्ड्यात हात वर करते, हे रोज बघून कळतं. या दोन विद्या एकत्र केल्या की माझा धंदा होतो, असं मला एके दिवशी वाटलं, आणि मी ते घरी बोललो.

घरी शालन होती. शालन म्हणजे माझी बायको. तिचे वडील हरमलच्या बाजूला माडाची सूर, म्हणजे माडी, काढायचे. ती चौदा वर्षांची असताना ते माडावरून पडले आणि पुढची अकरा वर्षं खाटेवर होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून चार वेळा त्यांना कुशीवर वळवायचं काम शालनचं. अशा बाईला मी सांगत होतो की आता मी झाडावर चढून पोट भरणार.

तिसऱ्या दिवशी तिने देवापुढे नारळ ठेवला आणि माझा हात त्याच्यावर दाबून धरला.

"चढा," ती म्हणाली. "पण ज्या दिसा तुमची एक गाठ चुकली, त्या दिसापासून झाड बंद. म्हणा."

मी म्हटलं. ट्रक ड्रायव्हर माणूस. शपथा घेण्यात मी कधी कंजुषी केलेली नाही.

सुरुवातीला मी काथ्याचा दोर वापरला. काथ्या पोटाला असा घासतो की संध्याकाळी आंघोळीला धाडस लागतं. मग मासेमारीच्या दुकानातला निळा दोर आणला. तो रबरासारखा लांबायचा. मी फांदीवर करवत लावली की माझं अंग मागे जायचं, करवत पुढे राहायची, आणि आम्हा दोघांची भेट मध्येच कुठेतरी व्हायची. शहाणपण आलं ते यशवंताकडून. हा यशवंत म्हणजे पोलंडहून हरमलला येऊन राहिलेला एक गोरा. त्याचं नाव याचेक की असंच काहीतरी होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसेना, तेव्हा आमच्या वाड्याने त्याचं बारसं केलं. तो आपल्या देशात हेच काम करायचा. मी निळ्या दोराला लोंबकळताना त्याने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तो आपली पिशवी घेऊन आमच्या अंगणात येऊन बसला.

त्याने शिकवलेला दोर मी तेव्हापासून स्वतःच बनवतो. ज्यांना यात गोडी नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. शालन म्हणते, सगळेच सोडतील.

दोर लागतो आठ हात. अंगठ्यापेक्षा बारीक, आत गाभा आणि वरून विणलेली खोळ असलेला, भार पडला तरी न लांबणारा. एका टोकाला डोळा करायचा आणि त्यात आटे फिरवून बंद होणारी पक्की कडी घालून ती कमरपट्ट्याला डाव्या बाजूला अडकवायची. मग दोर झाडाला वळसा घालून उजव्या कुशीशी आणायचा. खरी गंमत इथे आहे. आणखी बारीक दोरीचं एक वेटोळं घ्यायचं, ते या दोराभोवती तीन फेरे गुंडाळून स्वतःच्याच पोटातून बाहेर काढायचं, आणि पट्ट्याच्या उजव्या कडीला जोडायचं. ही गाठ हाताने ढकलली की गुमान सरकते. पण अंगाचा भार तिच्यावर टाकला की अशी आवळून बसते की मागे रेलून दोन्ही हात सोडावेत आणि खुशाल तंबाखू मळावी. तिचं सगळं बळ घासण्यात आहे. दोरी दोराला घासते म्हणून माणूस वर राहतो. शेवटच्या टोकाला एक जाड गाठ मारायची, म्हणजे वेटोळं सरकलंच तर तिथे अडेल. पडण्यापासून वाचवणारा मोठा दोर वेगळा असतो, तो वरच्या फांदीतून खाली येतो. हा छोटा दोर फक्त हात मोकळे ठेवतो. पण हात मोकळे नसतील तर वर जाऊन करायचं काय, आंबे मोजायचे?

आणि शेवटचं काम. चढण्याआधी झाडाच्या बुंध्याला हाच दोर लावायचा, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर पाय टेकायचे आणि मागे रेलून बसायचं. पान चघळून होईपर्यंत. गाठ धरते की नाही ते तिथे कळतं, आणि नाही धरली तर फक्त पार्श्वभागाला कळतं.

गावाने या दोराला नाव ठेवलं करदोडा. लहान मुलांच्या कमरेला बांधतात तो. "सगुणाक अजून करदोडो लागता," असं चार बायका विहिरीवर म्हणाल्या की पाचवी पदर तोंडाला लावते. मी मनावर घेत नाही. वर असलो की त्यांची विहीर मला दिसते, आणि कोण किती वेळ गप्पा मारतं तेही.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. पेडण्याला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या आंब्याची एक फांदी गोठ्यावर आली होती. मी वर, गुरुजी खाली, हातात वेताची काठी. "सगुणा, डावी फांदी. अरे तुझी डावी नव्हे, माझी डावी. आता तू फिरलास म्हणून ती उजवी झाली." अर्धा तास असा तास चालला. शेवटी मी खाली उतरलो, जादा पट्टा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "गुरुजी, वर येऊन फांदीला हात लावून दाखवा, म्हणजे घोळ नको." एवढ्यावर बाकीचे लोक गप्प होतात. गुरुजींनी धोतर सावरून पट्टा बांधला. मी घाबरून त्यांना वर काही नेलं नाही, बुंध्याला गुडघाभर उंचीवर रेलवून बसवलं. तिथून ते उतरायला तयार होईनात. हात मोकळे सोडून त्यांनी वर्तमानपत्र मागवलं.

दुसऱ्या एक दिल्लीच्या बाई, मोरजीला बंगला बांधलेल्या. त्यांचा फणस गाडीवर पडला होता, म्हणजे गाडी फणसाखाली लावली होती. मला म्हणाल्या, "ये फल गिरने से पहले कुछ आवाज़ नहीं करते?" मी म्हटलं, "करते हैं मॅडम, पर कोंकणी में." त्या एकदम गंभीर झाल्या आणि माळ्याला कोंकणी येतं का याची चौकशी करायला लागल्या. माझा खालचा माणूस बाबलो, जो खाणीच्या दिवसांपासून माझ्याबरोबर आहे, तो हसू लपवायला झाडामागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कोयते, करवती, कुऱ्हाड, सगळं धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं आणि हळद-कुंकू, फुलं वाहायची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस विश्रांती. गेल्या वर्षी मी झेंडू आणायला बाजारात गेलो होतो. येईपर्यंत शालनने सगळी मांडामांड केली होती. माझा दोर पाटाच्या मधोमध, छान गुंडाळलेला, वर कुंकवाची बोटं. मी नमस्कार केला. दोर जरा जास्तच चमकतोय असं तेव्हा वाटलं नाही. सणाच्या दिवशी घरातलं सगळंच चमकत असतं.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नार्व्याला गेलो. नदीच्या अंगाला एक मोठं घर, मागे थोरला आंबा, आणि त्याची एक जाड फांदी थेट स्वयंपाकघराच्या कौलांवर. अख्खं घर मागच्या पडवीत जमलेलं. म्हातारे आजोबा खुर्चीत, सुना दारात, शेजारचे कुंपणावर. एवढे प्रेक्षक बघितले की माझ्या अंगात काय शिरतं देव जाणे. बाबलो म्हणाला, "खाली बसान बघूक नाय रे?" मी म्हटलं, "बारा वर्सां बघतंय, आज काय नवीन बघूचां?" आणि माकडासारखा वर गेलो.

वरच्या फांदीवर पाय रोवले, छोटा दोर फिरवला, वेटोळं अडकवलं, आणि पडवीकडे एकदा बघून, दोन्ही हात सोडून, ऐटीत मागे रेललो.

गाठ थांबली नाही. लोण्यावरून सुरी जावी तशी सरकत गेली. मी पाठीमागे गेलो तो टोकाच्या जाड गाठीने झटका देऊन अडवेपर्यंत. मग झोका खाऊन परत आलो आणि हनवटीने बुंध्याला कडकडून भेटलो. मोठा दोर होताच, पण तो मी ढिला ठेवला होता, म्हणजे तो ताणला जाईपर्यंत मी कौलांवर पोचलो असतो. मग खुर्चीतून आजोबांचा शांत आवाज आला, "देंवपाक जाय जाल्यार निसण आसा मरे." उतरायचं असेल तर शिडी आहे की.

मी हसलो. वेटोळ्यावर हात ठेवला तर हात बुळबुळीत. नाकाशी नेला. खोबरेल तेल. नखात कुंकू.

एका क्षणात सगळं कळलं. तिने कोयत्याला लावलं, करवतीला लावलं, आणि शेजारी माझा दोर सुकलेला, कडक झालेला दिसला, तेव्हा त्यालाही प्रेमाने लावलं. चांगलं मुरवून. ज्या गाठीचं बळ घासण्यात आहे, तिला शालनने मऊ केलं होतं.

काम तसंच गुंडाळलं, उद्या येतो म्हणून सांगितलं. परतीच्या वाटेवर बाबलोला दम दिला की तेलाचं कुणाला बोलायचं नाही. मला एकच दिसत होतं. तिला कळलं तर ती काय म्हणेल हे नाही. ती काही म्हणणार नाही, हे. ती गप्प बसेल आणि बापाला वळवायची ती अकरा वर्षं पुन्हा मोजत बसेल, आणि या वेळी वाटेल की पाडणारी आपणच.

घरी आलो. तिने हनवटी बघितली.

"काय जालां?"

"काय नाय गो. गाठ जरा चुकली."

वाक्य तोंडातून निघालं आणि नारळावर ठेवलेला हात आठवला. माझ्या आधी तिला आठवला होता. ती ओरडली नाही. तिने फक्त हळद आणली, हनवटीला लावली, आणि म्हणाली, "बरां. सरलां मग."

अशा रीतीने मी एक खोटं बोलून एका दमात धंदा घालवला. खरं सांगावं तर तिचा जीव जळणार, न सांगावं तर माझं झाड जाणार. मी गप्प राहिलो. फार मोठा त्याग करतोय असं वाटत होतं. अर्थात त्याग करणाऱ्याला नंतर काय काय भोगावं लागतं हे आधी कुणी सांगत नाही.

दुसऱ्याच दिवशी नार्व्याच्या घरी तिने स्वतः फोन केला की दुसरा माणूस बघा. चौथ्या दिवशी तिचा भाऊ गुरुदास आला. हा मोपाच्या विमानतळावर माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे असतो. त्याने पिशवीतून वॉचमनचा गणवेश काढला. पँट घोट्याच्या वर, टोपी भुवयांच्या खाली.

"भावजी, खुर्चेर बसान ऱ्हवचां," तो म्हणाला. "गाडयो मोजूच्यो. वर चढपाचां काय नाय."

"वर पंखो तरी आसा?" मी विचारलं.

"नाय. पण झाडाची सावळी आसा."

शालन दारात उभी राहून टोपीतला माझा चेहरा बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं हायसं वाटून आलं असेल. पहिल्या तारखेपासून रुजू व्हायचं ठरलं.

महिना संपायला तीन दिवस होते. बाबलो म्हणाला, तुझा दोर मला दे, मी चालवतो आपलं काम. देणं भाग होतं. पण तेलकट दोर दुसऱ्याच्या कमरेला देणं म्हणजे त्याला हाताने ढकलणं. वेटोळं मी चुलीत टाकलं होतं, तेवढं नवीन करता येतं. आठ हाती दोर मात्र धुवायला हवा होता. शालन बाजाराला गेली तशी मी मागच्या दारी धुण्याच्या दगडी फातरीपाशी बादली घेऊन बसलो. उन्हाळे-पावसाळे गेले, मी कधी स्वतःची बनियन धुतलेली नाही. साबण किती लावायचा हेसुद्धा माहीत नव्हतं.

तिची बस चुकली होती. मागे पावलं वाजली तेव्हा मी कोपरापर्यंत फेसात होतो.

"तुमी धुतास?" तिने विचारलं. एवढ्यानेच तिला काहीतरी मोठं घडल्याचं कळलं असणार. ती वाकली आणि बादलीत बघत राहिली. पाण्यावर तेलाचे तवंग फिरत होते आणि त्यांत लालसर रंग.

"ह्यां कुंकू खंयचां?"

"दोराचां."

"आणि तेल?"

मी दोर घासत राहिलो.

"म्हणजे गाठ चुकूक नाय."

"चुकली गो. मियांच…"

"फटी मारू नकात."

ती फातरीवर बसली. "सुकलो दिसलो म्हणान लायलां," ती म्हणाली. "बापाशीक अकरा वर्सां वळयलंय, आणि तुमकां मी…" याच अर्ध्या वाक्याला भिऊन मी टोपी घालायला तयार झालो होतो. मला रडू येत होतं आणि हातातला साबण निसटत होता, दोन्ही एकदम.

"माका वाटलां तुमचे हात थकले," ती म्हणाली. "रोज राती तुमचे हात बघी होतंय, कापतत काय म्हणान. कित्याक सांगूक नाय?"

"तुका लागतलां म्हणान."

"माका लागलां असतां. मगे मी जेवलंय असतंय, न्हिदलंय असतंय, आणि दुसऱ्या दिसा उठलंय असतंय." ती आता माझ्याकडे सरळ बघत होती. "एक विचारतंय. तुमी चढचे आदी खाली बसान बघतास. त्या दिसा बघलास?"

"नाय."

"कित्याक?"

"लोक बघी होते."

तिने मान हलवली, अंदाज बरोबर निघावा तशी. "तेल माजां," ती म्हणाली. "बघूक नाय तां तुमचां."

बारा वर्षांत माझ्या कामाचा एवढा नेमका हिशेब कुणी केला नव्हता.

तिने पिशवीतून फोन काढला. "गुरुदास, ती नोकरी दुसऱ्याक दी. … होय. टोपी उद्यां धाडतंय. … नाय रे, तेंचे हात बरे आसत. घोळ माज्यान जालो." पलीकडून तो बरंच काही बोलत असावा. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "कसो तां तुका कित्याक? माज्यान जालो म्हणान सांगतंय मां," आणि फोन बंद केला.

मी बादलीपाशी तसाच बसून होतो. तिने वाकून ओल्या दोरावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला, आणि तोंड वाकडं केलं.

"आणी साबू लाया. अजून बुळबुळीत आसा."

मग पदर खोचला आणि दोराचं दुसरं टोक स्वतःकडे ओढून घेतलं.